गिरणवालीची बोट

मंगळवारी दुपारी साडेचारला मी टीव्हीच्या मागं हात घातला आणि हाताला लागली ती वायर ओढली. पडद्यावरचा समुद्र, त्यातलं जहाज, वरचे ढग, सगळं जागच्या जागी थिजलं आणि मधोमध एक गोल चक्र फिरायला लागलं.

माझी नात अनुजा खाली मांडी घालून बसली होती, हातात ते दोन शिंगांचं कंट्रोलर. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्याला गप्प करण्यात माझी हयात गेली आहे. ती नुसती वळली आणि म्हणाली, "आज्जी, वायर लाव. तिघं जण खोळंबलेत."

मी म्हटलं, रविवारी सांगलीची माणसं यायची आहेत, तुझी सुपारी फुटायची आहे, कुठली साडी नेसायची ते अजून ठरलं नाही आणि तू इथं बोटी हाकत बसलीस.

"साडी ठरवून काय करू? मला सांगलीला जायचंच नाही."

पाच वर्षं झाली या गोष्टीला. तासगावात आमची पिठाची गिरण आहे, खाली गिरण आणि वर घर. माझे मालक गेले तेव्हा सर्जेराव माझा सातवीत होता. तेव्हापासून गिरण मी चालवली. शाळा माझी दुसरीतच सुटली. अक्षर लागतं, पण ठेचकाळत. माणूस मात्र मला घडाघडा वाचता येतो. गिरणीत लाइट गेली की दळणाला आलेल्या बायकांत कोण पदरानं वारा घेत बसते, कोण दुसरीचा डबा हळूच मागं सरकवते, कोण "आक्का, आमचं तेवढं आधी" म्हणून लाडीगोडी लावते, एवढ्यावर मी तिच्या सात पिढ्यांची कुंडली मांडते. गावात हौसाआक्कानं शब्द दिला म्हणजे दगडावर टाकी मारली असं होतं. सांगलीचं स्थळ मी स्वतः जाऊन पाहिलं होतं. पोरगा प्रणव, इंजिनियर, निर्व्यसनी, वर गच्ची असलेलं घर, आई शालनबाई तोलूनमापून बोलणारी. तिथल्या पाटावर बसून मी शब्द दिला होता, आणि माझा शब्द तोवर कधी माघारी आला नव्हता.

म्हणून सांगलीला जायचं नाही म्हटल्यावर मी वायर हातातच ठेवली आणि खाली बसले. कारण विचारलं. तिनं आडपडदा ठेवला नाही. पोरगी माझ्यावरच गेली आहे, त्याचा त्रास मलाच होतो. म्हणाली, बोटीवर चौघं असतात. एक गोव्याचा, एक नाशिकची दाताची डॉक्टरीण, एक मी, आणि सुकाणूवर असतो तो विश्वंभर. उमरग्याचा. गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. तीन वर्षं आम्ही रोज चार ते सहा एका बोटीत आहोत. मला तो पसंत आहे.

"रोज भेटता?"

"बोटीत. बाहेर नाही भेटलो. फोटो पाहिलाय, व्हिडिओवर बोललोय."

"म्हणजे म्हशींना सुया टोचणारा, आणि तोही तू न पाहिलेला."

"आणि आपल्यातलाच आहे. पुढं तेच विचारणार होतीस ना?"

तेच विचारणार होते. तेवढं एक हत्यार माझ्या हातातून गेलं.

मग मी वेगळ्या बाजूनं शिरले. म्हटलं, खेळायचंच आहे तर एकटीनं खेळ. त्या खेळाच्या डब्याला एवढं कळतं, तर त्यालाच चालवू दे बाकीचे तिघं. परक्या पोरांच्या गळ्यात पडून कशाला? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी गिऱ्हाइकाला दळण घरी वाटून घे म्हटलं होतं. मग समजावून सांगितलं, बरंच शांतपणे. डब्यातले खलाशी असतात म्हणाली, पण ते सांगितलं तेवढंच करतात. त्यांना उशीर होत नाही, ते चिडत नाहीत, दमत नाहीत. आपण चुकलो तर काही बोलत नाहीत आणि आपण बुडालो तर त्यांचं काही जात नाही. "मी ते सहा महिने खेळले आज्जी. मग कंटाळून डबा विकणार होते. नेट जोडलं, माणसं आली, तेव्हा कुठं तो खेळ झाला."

सून सुवर्णा दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या तोंडावरून कळलं की तिला हे आधीपासून ठाऊक आहे. सर्जेरावला अर्थातच ठाऊक नव्हतं. त्याला कुठलीच गोष्ट वेळेवर कळत नाही.

मी अट घातली. शनिवारपर्यंत मी इथं बसून त्या पोराचं बोलणं ऐकणार. समोर बसून पोहे खाताना सगळेच गुणाचे असतात, मला तो बेसावध पाहिजे. त्याला मी ऐकतेय हे सांगायचं नाही. ऐकून मी नाही म्हटलं तर रविवारी तू तोंड वाकडं न करता सांगलीसमोर बसायचं. अनुजा म्हणाली, कबूल. "पण तू हो म्हणालीस तर सांगलीला फोन तू करायचा. आईबाबांच्या गळ्यात नाही घालायचा." मीही कबूल म्हटलं. मला कुठं हो म्हणायचं होतं?

वायर मी परत लावली. चुकीच्या भोकात लावली, तिनं नीट केली.

बुधवारी मी गव्हाचं सूप घेऊन पुढच्या खोलीत बसले. त्या बोटीतल्या सगळ्यांचे आवाज टीव्हीतून येतात, आणि आपला आवाज त्या कंट्रोलरमधूनच तिकडं जातो, म्हणून अनुजानं मला तोंड मिटून बसायला सांगितलेलं. असं मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस मी खोकला पदरात दाबला आणि खड्यांवर राग काढला.

विश्वंभर बोलायला लागला आणि मी एकेक दोष गोळा करायला लागले. आवाज घोगरा. बोलणं अघळपघळ, तिकडचं, 'करलालाव' नि 'चाललालाव'. चुरमुरे खात खेळतो, कुरुमकुरुम सगळं ऐकू येतं. वाऱ्याला शिव्या देतो. खेळातल्या वाऱ्याला. स्वतःचं नाव तिथं त्यानं 'ढेकूळ' असं ठेवलेलं, आणि आमच्या बाईसाहेबांचं 'गिरणवाली'. ते ऐकून मला जरा बरं वाटलं, पण मी दाखवलं नाही. गुरुवारी खेळ ऐन रंगात असताना त्याला कुणीतरी बोलवायला आलं. एक म्हैस अडली होती. तो म्हणाला, "बोट खडकामागं लावून ठेवतो, दहा मिन्टं द्या." दहाची चाळीस मिनिटं झाली. गोव्याचा पोरगा तोवर गाणी म्हणत होता, डॉक्टरीण दात कसे घासावेत ते सांगत होती, आणि तिघंही रिकाम्या बोटीत बसून राहिले. मी अनुजाला खुणेनं विचारलं, तुम्ही पुढं का जात नाही? तिनं खुणेनंच सांगितलं, सुकाणूला माणूस नाही. मग तो आला, म्हणाला, रेडकू जितं हाय, आणि बोट सुटली.

गुरुवारी संध्याकाळी मी हिशेब मांडला. पोरगा वाईट नव्हता. पण वाईट नसणं ही काही लायकी नव्हे; वाईट नसलेली पोरं रस्त्यावर ढिगानं सापडतात, आणि सांगलीला शब्द एकच दिला होता. सुवर्णाला मी सांगून टाकलं, केळीची पानं सांगून ठेव, रविवारी दहा बावन्नचा मुहूर्त आहे. तिनं मान हलवली. त्या मान हलवण्यात मला दोन शिव्या ऐकू आल्या.

शुक्रवारी खेळ मोठा होता. तीन दिवस त्यांनी कुठलं तरी सामान गोळा केलं होतं, रेशमाचे गठ्ठे की काय, आणि ते आज बंदराला लावायचं होतं. बोटीला तळाशी भोक पडलेलं. गोव्याचा शीड सांभाळत होता, डॉक्टरीण भोक बुजवत होती, विश्वंभर सुकाणूवर, आणि अनुजाकडं पाणी उपसायचं काम. तेवढ्यात खालून सुवर्णाची हाक आली. गिरणीचा पट्टा उतरला होता, सर्जेराव सायकलवरून कुठं उलथला होता कोण जाणे, आणि दळणाला सहा बायका खोळंबलेल्या. पट्टा चढवणं अनुजाला येतं, मीच शिकवलंय. तिनं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं, आणि कंट्रोलर माझ्या हातात कोंबलं. तोंडाजवळ बोट नेऊन मला गप्प राहायची खूण केली, दोन बटणं दाखवली, एक बादली भरायचं, एक ओतायचं, आणि ती जिना उतरून गेली.

आमच्या सात पिढ्यांत कुणी बोटीत पाय ठेवलेला नाही. पण बादली म्हणजे बादली. तळाला जाऊन मी ती भरली, धडपडत वर आणली, आणि बघते तर तिथं चार लाकडी पिंपं, रिकामी. मी ओतलं पिपात. परत खाली, परत वर, परत पिपात. दुसरं बटण समुद्राच्या बाजूला दाबायचं असतं हे मला कळत होतं. पण हात तिकडं जात नव्हता. माझं माहेर जत तालुक्यातलं. विहीर पाऊण कोसावर, आणि भांडी घासलेलं पाणी शेवग्याला, अंघोळीचं म्हशीला. लहानपणी माझ्या हातून एकदा कळशी लवंडली तर आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. भरलेली बादली कठड्यावरून फेकायची, हे माझ्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

"गिरणवाले, बाहेर टाक की पाणी," टीव्हीतून आवाज आला. "पिपात काय भरलालीस?"

मी तिसरं पिंप भरायला घेतलं.

बोट एका अंगाला कलायला लागली. गोव्याचा काहीतरी त्याच्या भाषेत बोलला, ते चांगलं नसावं. डॉक्टरीण म्हणाली, अनुजा, बरी आहेस ना? आणि विश्वंभरानं मला म्हशे म्हटलं, ढोरे म्हटलं, मग एक तिकडची शिवी दिली जी मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. मी ओठ दातांखाली धरले. चौथं पिंप काठोकाठ भरलं. चार पिपांचं ओझं झालं, रेशमाचं होतंच, आणि बंदर समोर दिसत असताना बोट नाकावर गेली आणि बुडाली. बुडबुडे आले. मग नुसता निळा समुद्र.

गोव्याचा म्हणाला, उद्या भेटू, आणि गेला. डॉक्टरीणही गेली. विश्वंभर गेला नाही. चुरमुऱ्यांचा आवाज थांबला होता.

"तुम्ही कोण हाव?" त्यानं विचारलं.

मी तोंडावर पदर धरला.

"गिरणवाली न्हाई तुम्ही. ती दोन बादल्या झाल्या की एकडाव मागं वळून बघते. मी सुकाणूला हाय का न्हाई ते. तीन वर्षं झाली, एक दिवस चुकलं न्हाई. तुम्ही इतक्या बादल्या उपसल्या, एकदाबी वळला न्हाईत."

माझ्या हातातलं ते यंत्र मी मांडीवर ठेवलं.

"आणि पाणी टाकवत न्हाई तुमच्या हाताला," तो म्हणाला. "माझ्या मायचं असंच हाय. नळ येऊन धा वर्षं झाली, अजून तांब्यातलं उरलेलं घागरीत ओतते. ती सांगते त्या जतच्या आज्जी हाव का तुम्ही?"

ज्याला मी तीन दिवस चोरून ऐकत होते, त्यानं मला अर्ध्या घटकेत एका बादलीवरून वाचलं होतं. राग येणारच. राग आला की मला जे सापडेल ते मी फेकून मारते, आणि तेव्हा हाताशी एकच गोष्ट होती.

"हो, मीच," मी म्हटलं. "म्हैस कुणाला म्हणतोस? आणि ऐक, परवा रविवारी तिची सुपारी आहे. सांगलीला दिलीय मी तिला. सांगितलं का तिनं तुला?"

तिनं सांगितलं नव्हतं. ते मला त्याच्या गप्प बसण्यावरून कळलं. टीव्हीत समुद्राचा आवाज तेवढा येत होता, एकसारखा. खाली गिरण सुरू झाली, फरशी थरथरायला लागली, म्हणजे पट्टा चढला होता. मी वाट बघत होते की आता हा गयावया करील, नाहीतर ताठ्यानं बोलेल. दोन्हींची उत्तरं माझ्याकडं तयार होती.

तो म्हणाला, "तिकडं तिला खेळू देतील का?"

"काय?"

"चार ते सहा. बोटीवर येऊ देतील का तिला? माझं ऱ्हाऊ द्या. मी दुसऱ्या बोटीवर जातो पायजे तर. पण ती डॉक्टरीण हाय, गोव्याचा हाय. तिची माणसं हाईत ती."

सांगलीत मी खोल्या मोजल्या होत्या. पोरगा पितो का विचारलं होतं, शेत कुठल्या पाण्याखाली आहे ते विचारलं होतं, देव्हाऱ्यात कुठला देव ते बघितलं होतं. पोरीची माणसं कुठं ठेवायची, हे विचारायचं असतं असं मला वाटलंच नव्हतं. मला तरी कुणी विचारलं होतं? पंधराव्या वर्षी मी जतहून तासगावला आले. माझ्याबरोबर गजगे खेळणाऱ्या पाच पोरी होत्या. त्यातली एक कर्नाटकात दिली एवढं कळलं. बाकीच्या कुठं गेल्या, जगल्या का मेल्या, मला आजही माहीत नाही.

"थांब," मी त्याला म्हटलं. कशासाठी थांब ते मलाही ठाऊक नव्हतं. फोन घेतला आणि शालनबाईंना लावला.

पहिल्यांदा तब्येतीपाण्याचं झालं. मग मी विचारलं, सरळच विचारलं, की आमची पोरगी रोज दुपारी चार ते सहा टीव्हीवर बोट चालवते, चार गावच्या माणसांबरोबर. तुमच्याकडं चालेल का?

शालनबाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, घरातल्या माणसाला हसतात तशा. म्हणाल्या, "चालवू दे की लग्नापर्यंत. पुढं कशाला लागतंय? आमच्या घरात काय माणसं नाहीत का?"

"आहेत," मी म्हटलं. "पण ती तुमची."

त्यांनी चालेल म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. नाही म्हटलं म्हणूनही त्या काही वाईट ठरत नाहीत. आठ दिवसांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मीही तेच बोलले असते. एवढ्यात अनुजा वर आली. केसांत, भुवयांवर, सगळीकडं पीठ. तिनं पडद्यावरचा रिकामा समुद्र पाहिला, मला पाहिलं, माझ्या कानाचा फोन पाहिला, आणि दारातच उभी राहिली.

"शालनबाई, रविवारी येऊ नका," मी म्हटलं. "पोरीचं मन दुसरीकडं आहे. मला आधी कळायला हवं होतं, कळलं नाही. दोष माझा आहे, तुमच्या घराचा नाही."

"हौसाबाई, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. परत घेते. पहिलाच आहे, जड जातोय, पण घेते."

त्यांनी फोन ठेवला. अजून लग्नकार्यात समोर आल्या की त्या मान फिरवतात. फिरवू देत. त्यांचा हक्क आहे.

अनुजा भिंतीला टेकून खाली बसली. तोंडावरच्या पिठातून दोन ओघळ आले, ते तिनं मनगटानं पुसले आणि तोंडाची पार कणीक करून घेतली. मला म्हणाली, "तू हो म्हणालीस?"

मी म्हटलं, हो-बिव काही नाही. शिवराळ आहे. खाताना आवाज करतो. घर कसं आहे माहीत नाही, आई कशी आहे माहीत नाही, आता सगळं पुन्हा पहिल्यापासून बघायला लागणार. तू सांगलीचा तेवढा विचार करू नकोस. आणि रडायचं तर त्या पोराच्या कानावर जाईल असं रडू नकोस, लगेच शेफारतात, पुरुषाची जात.

"आज्जी," टीव्ही म्हणाला, "माईक चालूच हाय."

अनुजानं दोन्ही हात तोंडावर घेतले. ती हसत होती की काय करत होती ते मी बघितलं नाही. कंट्रोलर मी मांडीवरून उचललं, कुठल्या बाजूला बोलायचं ते कळेना, म्हणून दोन्ही शिंगांच्या मध्ये तोंड नेलं.

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"बरं झालं, परत सांगायला नको. पानं सांगून झालीत, भटजी सांगून झालाय, मुहूर्त दहा बावन्नचा आहे. तो मी वाया घालवणार नाही. उमरग्याहून इथं यायला किती लागतात?"

"सहा तास धरा."

"मग चारला नीघ," मी म्हटलं. "आणि आईला आण."